चौघांनी मिळून लिहायचंय? सॉफ्टवेअर असं निवडा

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून एक साठ पानी अहवाल लिहिला. फाइल ईमेलने फिरत होती. एका रात्री दोघांनी तिसऱ्या प्रकरणाला हात घातला आणि सकाळी माझ्याकडे दोन फाइली आल्या. दोन्ही सुधारलेल्या, दोन्ही वेगळ्या. त्या एकत्र करण्यात माझे दोन दिवस गेले. पुढच्या वेळी शहाणपणा दाखवायचा म्हणून मी दिसायला सर्वांत आधुनिक असं एक ऑनलाइन साधन निवडलं. ज्यांच्याकडून निम्मा मजकूर यायचा होता, त्या गटातल्या सर्वांत जाणकार बाईंनी ते एकदा उघडलं, बंद केलं आणि पुढचे तीन आठवडे सगळा मजकूर फोनवर मेसेजने पाठवला. मी तो एकेक करून चिकटवत बसलो. साधन बदललं, माझी हमाली तशीच राहिली.

तेव्हापासून मी फीचरच्या याद्या वाचणं सोडलं. आता आधी दोन गोष्टी बघतो. गटातल्या सर्वांत कमी सरावलेल्या माणसाला हे साधन झेपेल का? आणि काम संपल्यावर मजकूर यातून धड बाहेर काढता येईल का? या दोन्हींना ‘हो’ असेल तरच पुढचं बघायचं. पहिल्यांदाच असं काही निवडायला बसला असाल तर खालच्या क्रमाने जा.

पाऊल १: काम नेमकं कोणतं, ते ओळखा

‘एकत्र लिहिणं’ या नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात. पहिल्यात दोन-चार जण खरोखर एकाच वेळी एकाच पानावर लिहीत असतात. सभा चालू असताना टिपणं घेणं किंवा एखादं निवेदन तासाभरात मिळून तयार करणं हे या प्रकारातलं. दुसऱ्यात प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं आणि शेवटी सगळं एकत्र बांधायचं असतं. तिसऱ्यात लिहिणारा एकच असतो, बाकीचे वाचतात, खुणा करतात, दुरुस्त्या सुचवतात.

माझ्या अनुभवात दहातली सात-आठ कामं तिसऱ्या प्रकारची निघतात आणि लोक साधन शोधत असतात पहिल्या प्रकारचं. तपासणीच करायची असेल तर एकाच वेळी टाइप करता येणं ही चैन आहे. तिथे गरज असते ती दुरुस्ती कोणी केली ते दिसण्याची आणि ती एका क्लिकने मान्य किंवा अमान्य करता येण्याची. उलट सभेच्या टिपणांना ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती खुणेने दाखवणारी वर्डमधली सोय, लावून बसलात तर पान रंगीबेरंगी रेघांनी भरून जाईल आणि वाचणारा वैतागेल.

एका कागदावर एवढं लिहून काढा: माणसं किती, मजकूर किती लांब, तक्ते-तळटीपा-चित्रं आहेत का, मजकूर कितपत गोपनीय आहे, आणि शेवटी तो कुठे जाणार आहे. यातलं शेवटचं हमखास राहून जातं. प्रकाशक किंवा कार्यालय वर्डची फाइल मागणार असेल, तर आधीचे सगळे महिने कुठेही लिहा, शेवटच्या दिवशी तुम्हाला वर्डच्या फाइलपाशी यावंच लागणार आहे.

पाऊल २: आतली यंत्रणा थोडी समजून घ्या

हा भाग तांत्रिक वाटेल, पण पाच मिनिटं द्या. पुढचे बरेच गोंधळ इथेच कळतात.

दोन माणसांनी दोन ठिकाणी बसून पडद्यावरचा एकच मजकूर हाताळणं ही कल्पना जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका जाहीर प्रात्यक्षिकात हे करून दाखवलं होतं. त्यांचा सहकारी त्या वेळी मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत बसला होता. माउसही त्याच प्रात्यक्षिकात लोकांसमोर आला. पण सर्वसामान्यांच्या ब्राउझरमध्ये ही सोय यायला २००५-०६ उजाडलं. रायटली नावाचं एक छोटं ऑनलाइन संपादक साधन गूगलने २००६ मध्ये विकत घेतलं आणि त्यातून पुढे गूगल डॉक्स उभं राहिलं.

अडचण कुठे होती? समजा, पानावर ‘सभा सोमवारी होईल’ असं वाक्य आहे. तुम्ही सुरुवातीला ‘पुढची’ हा शब्द घातला. त्याच क्षणी मी तिसरा शब्द, म्हणजे ‘होईल’, बदलून ‘झाली’ केला. माझ्या संगणकाकडून निरोप गेला, ‘तिसरा शब्द बदला’. पण तुमच्याकडे आता तिसरा शब्द ‘सोमवारी’ झालेला आहे. निरोप जसाच्या तसा पाळला तर भलताच शब्द उडेल. म्हणून सॉफ्टवेअरला आधीचा बदल लक्षात घेऊन माझा ‘तिसरा’ हा ‘चौथा’ करून घ्यावा लागतो. या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. तिच्यावरचा पाया घालणारा शोधनिबंध १९८९ चा आहे. अलीकडची काही साधनं सीआरडीटी नावाची दुसरी पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःची कायमची ओळख दिलेली असते, त्यामुळे कितवं अक्षर हा प्रश्नच उरत नाही.

वापरणाऱ्याला या दोन पद्धतींतला फरक सहसा जाणवत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट निराळी आहे. ही यंत्रणा अक्षरं जुळवते, अर्थ जुळवत नाही. त्याच वाक्यात तुम्ही ‘सभा’च्या जागी ‘बैठका’ केलंत आणि त्याच वेळी मी ‘होईल’चं ‘झाली’ केलं, तर पानावर ‘बैठका सोमवारी झाली’ असं उमटेल. सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं सुरळीत आहे. म्हणून एका परिच्छेदात एका वेळी एकच हात असावा, साधन कितीही हुशार असो.

पाऊल ३: सर्वांत कमी सरावलेला माणूस डोळ्यांसमोर आणा

गटात असा एक जण असतोच. कदाचित विषयाचं सर्वाधिक ज्ञान त्यालाच असतं. त्याच्याकडे लॅपटॉप आहे की फक्त फोन? नवीन खातं उघडायला तो तयार आहे का? पासवर्ड त्याच्या लक्षात राहतात का? टायपिंग करतो की बोलून लिहितो? नेट सतत असतं का?

याची उत्तरं त्यालाच विचारा, स्वतः गृहीत धरू नका. मी एकदा ज्यांना ‘हे जमणार नाही’ म्हणून वगळलं होतं ते गृहस्थ पंधरा वर्षं वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस वापरत होते. त्यांचं घोडं फक्त नवीन लॉगिनपाशी अडत होतं. दुसऱ्या टोकाला गटातला सर्वांत तरुण मुलगा होता, ज्याने आयुष्यात कधी तळटीप घातली नव्हती. सराव वयावर ठरत नाही.

या माणसाला तीनपेक्षा जास्त पायऱ्या चढून पानापर्यंत पोहोचावं लागत असेल, तर ते साधन तिथेच बाद करा. मी तरी करतो.

पाऊल ४: दोन-तीन उमेदवार निवडा

बाजारात साधनं पुष्कळ आहेत, पण नवख्याने सगळी चाळण्यात अर्थ नाही. कामानुसार दोन किंवा तीन वेगळी काढा.

गूगल डॉक्स हे बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं आणि ते चुकीचं नाही. खातं फुकट, १५ जीबी जागा फुकट. ही जागा जीमेल आणि फोटोंमध्ये वाटली जाते, हे विसरू नका. लिंक पाठवली की काम सुरू. परवानगीचे तीन स्तर आहेत: नुसतं वाचणारा, कमेंट करणारा आणि एडिट करणारा. ‘सजेस्टिंग’ हा मोड २०१४ मध्ये आला आणि माझ्या मते डॉक्समधली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे, कारण त्यात केलेली दुरुस्ती मूळ मजकूर पुसत नाही, सूचना म्हणून उभी राहते. व्हर्जन हिस्ट्रीत कोणी कधी काय बदललं ते रंगांनी दिसतं आणि जुनी अवस्था परत आणता येते. महत्त्वाच्या टप्प्यांना तिथे नाव देऊन ठेवा. ‘पहिला खर्डा पूर्ण’, ‘तपासणीनंतर’ अशी नावं दिली की शेकडो तारखांमध्ये शोधाशोध करावी लागत नाही.

मर्यादाही आहेत. एका दस्तऐवजाला सुमारे १० लाख २० हजार अक्षरांची हद्द आहे. ऐकायला प्रचंड वाटते, पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हं संगणक वेगळी मोजतो, त्यामुळे मजकूर आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा भरतो. हद्द गाठण्याच्या बऱ्याच आधी फाइल जड होते, साध्या लॅपटॉपवर कर्सर रेंगाळू लागतो. जाडजूड पुस्तक एकाच डॉकमध्ये लिहू नये. प्रकरणागणिक वेगळी फाइल करा. नेट नसताना काम करायचं असेल तर ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवावी लागते. नेट गेल्यावर ती चालू करू म्हणाल तर जमणार नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्ड लोकांना जुनं वाटतं, पण तपासणीच्या कामात त्याला तोड नाही. ट्रॅक चेंजेस तर आहेच, शिवाय ट्रॅकिंगला पासवर्डचं कुलूप लावता येतं, म्हणजे कोणी ते गुपचूप बंद करून दुरुस्ती करू शकत नाही. माझे दोन दिवस जिथे गेले त्या संकटावरही वर्डमध्ये उतारा आहे: ‘कम्पेअर’ आणि ‘कम्बाइन’. दोन प्रती समोरासमोर ठेवून फरक दाखवणारी ही सोय त्या वेळी मला माहीत असती तर! एकाच वेळी अनेकांनी लिहायचं असेल तर फाइल मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, म्हणजे वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर, ठेवावी लागते. लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल ईमेलने पाठवली की ती पुन्हा वेगवेगळ्या प्रतींमध्ये फुटली. ब्राउझरमधलं वर्ड मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यावर चालतं, त्यासोबत ५ जीबी जागा मिळते. त्यात डेस्कटॉपवरच्या वर्डमधली सगळी हत्यारं नाहीत, पण वाचणं, खुणा करणं, लहान दुरुस्त्या यांना ते पुरतं.

पैसे खर्च न करता स्वतःच्या संगणकावर काम करायचं असेल तर लिब्रेऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. दुरुस्त्यांची नोंद, कमेंट, दोन प्रतींची तुलना हे सगळं त्यात आहे. मात्र संगणकावर बसवलेल्या लिब्रेऑफिस रायटरमध्ये दोघांनी एकाच वेळी एक फाइल लिहिता येत नाही. शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला ती कुलूपबंद असल्याचं सांगितलं जातं आणि नुसती वाचायला मिळते. पाळीपाळीने काम करणाऱ्यांना ही शिस्त सोयीचीच पडते. तेच इंजिन ब्राउझरमध्ये, अनेकांसाठी हवं असेल तर कोलॅबोरा ऑनलाइन आहे. ते बहुधा नेक्स्टक्लाउड या फाइली साठवण्याच्या सॉफ्टवेअरसोबत स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं जातं. हे करायला गटात सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा, आणि तो पुढच्या वर्षीही गटात असायला हवा.

ओन्लीऑफिस हे त्याच वर्गातलं. ते मुळातच डॉकएक्सवर, म्हणजे वर्डच्याच फाइल-प्रकारावर, काम करतं, त्यामुळे वर्डची फाइल आणली-नेली तरी मांडणी कमी विस्कटते. त्यात एकत्र लिहिण्याच्या दोन पद्धती मिळतात. ‘फास्ट’मध्ये इतरांची अक्षरं लगेच दिसतात. ‘स्ट्रिक्ट’मध्ये तुम्ही हात लावलेला परिच्छेद तुम्ही सेव्ह करेपर्यंत इतरांना बंद राहतो. वर ‘बैठका झाली’चा घोळ सांगितला, त्यावर ही दुसरी पद्धत चांगला उपाय आहे.

झटपट टिपणांसाठी इथरपॅड. खातं नाही, लॉगिन नाही, पत्ता उघडला की लिहायला लागा. प्रत्येकाच्या मजकुरामागे त्याचा रंग असतो आणि टाइमस्लायडर सरकवला की पान कोऱ्यापासून कसं भरत गेलं ते चित्रफितीसारखं बघता येतं. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि त्याच महिन्यात इथरपॅडचा कोड सर्वांसाठी खुला झाला. म्हणून आज ते अनेक ठिकाणी अनेकांनी चालवलेलं सापडतं. सार्वजनिक पॅडचा पत्ता ज्याला कळला त्याला मजकूरही कळला, हे मात्र ध्यानात ठेवा. सभा संपली की मजकूर उचलून दुसरीकडे न्यावा.

मजकूर खरोखर गोपनीय असेल, म्हणजे तक्रारदारांची नावं किंवा वाटाघाटींचे मुद्दे, तर क्रिप्टपॅड बघा. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या साध्या खात्यातला मजकूरही कूटबद्ध करूनच साठवला जातो, पण किल्ली त्यांच्याकडे असते. क्रिप्टपॅडमध्ये मजकूर तुमच्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होऊन मग सर्व्हरवर जातो, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. याची दुसरी बाजू अशी की पासवर्ड विसरलात तर परत मिळवून देणारं कोणीही नाही. आणि किल्ली लिंकमध्येच असते, म्हणून ती लिंक सार्वजनिक ग्रुपवर टाकली की सगळं मुसळ केरात.

गणिताची समीकरणं आणि शेकडो संदर्भ असलेला प्रबंध असेल तर ओव्हरलीफ. ते लेटेकवर चालतं, म्हणजे मांडणीच्या आज्ञा मजकुरातच टाइप करायच्या आणि त्यातून छापील पान तयार करून घ्यायचं. लेटेक आधीच येत असेल तर उत्तम, नसेल तर केवळ एकत्र लिहिण्यासाठी ते शिकायला बसू नका. देवनागरीसाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक हा कंपायलर (आज्ञांवरून पान तयार करणारा प्रोग्रॅम) निवडावा लागतो, नाहीतर पानावर अक्षरं उमटणार नाहीत.

नोशनसारखी साधनं गटाची टिपणं, कामांच्या याद्या, माहितीचा साठा यांना छान आहेत. पण ज्याची पानं मोजून, समास सांभाळून छापील प्रत काढायची आहे, असा मजकूर मी तिथे लिहिणार नाही. प्रोग्रॅमर मंडळी साध्या मजकुराच्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवून लिहितात. ती पद्धत भक्कम आहे. गिट ओळीगणिक फरक दाखवतं, म्हणून तिथे प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करण्याची सवय लावून घ्यावी लागते. गटातला एक जरी माणूस गिटला बिचकत असेल तर हा विषय तिथेच थांबवा.

लिहून देणारा, सारांश काढणारा एआय मदतनीस आता बहुतेक सगळ्याच साधनांत येऊ लागला आहे. निवड त्याच्यावरून करू नका, एवढंच म्हणेन.

पाऊल ५: मराठीची परीक्षा घ्या

इंग्रजीत लिहिलेल्या परीक्षणांमध्ये हा भाग कधीच सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

गटातला कोणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करतो का, ते सर्वांत आधी विचारा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना सगळ्या संगणकांवर तेच क्रमांक देणारी पद्धत. अशा फाँटमधला मजकूर म्हणजे मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. ऑनलाइन साधनात चिकटवला की मुखवटा गळून पडतो आणि समोर निरर्थक अक्षरांची रांग उभी राहते. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरांपाशी चुका राहतात, म्हणून रूपांतरानंतर पूर्ण मजकूर डोळ्यांखालून घालावा लागतो. शक्यतो सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहावं.

दुसरी खोडी सूक्ष्म आहे आणि मराठीचीच आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठवता येतो. एका कीबोर्डवरून तो नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून बनतो, दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लागून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पाच लेखकांच्या मजकुरात तुम्ही एखादा शब्द शोधून सगळीकडे बदलायला जाता, तेव्हा तिघांचे बदलतात आणि दोघांचे तसेच राहतात. उपाय सोपा आहे. सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवावा, आणि ते जमत नसेल तर शोधताना दोन्ही रूपं शोधावीत.

फाँटही आधी ठरवा. तुमच्या संगणकावरचा फाँट दुसऱ्याकडे नसेल तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने पर्याय घेतं, ओळी तुटण्याच्या जागा बदलतात आणि चाळीस पानांची बेचाळीस होतात. मग सभेत ‘पान सतरावरचा दुसरा परिच्छेद’ म्हटल्यावर प्रत्येकजण वेगळाच परिच्छेद वाचत असतो. नोटो किंवा मुक्तासारखा मोफत मिळणारा फाँट सगळ्यांनी घ्यावा. शुद्धलेखन तपासणीवर मात्र फार विसंबू नका. सामासिक शब्द आणि विभक्तीची रूपं यांच्यापुढे ती थकते आणि बरोबर शब्दांखालीही लाल रेघा मारते. मी ती बंद ठेवतो.

पाऊल ६: तासाभराची खरी चाचणी

उमेदवार दोनवर आले की गटातल्या तिघांना घेऊन बसा. त्यात पाऊल ३ मधला माणूस हवाच. खोटा मजकूर घेऊ नका. तुमच्या कामातलीच तीन-चार पानं घ्या, ज्यात एक तक्ता, एक चित्र आणि दोन तळटीपा असतील.

आधी नुसती लिंक पाठवा आणि गप्प राहा. त्या माणसाला पानापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो आणि तो कुठे अडतो ते बघा. मदत करायला हात शिवशिवतील, पण थांबा, कारण पुढे रात्री अकरा वाजता तो एकटाच असणार आहे. मग तिघांनी वेगवेगळ्या परिच्छेदांत एकदम लिहा. एकाने फोनवरून लिहा. एकाने दोन दुरुस्त्या सुचवा, दुसऱ्याने त्यातली एक मान्य करा, तिसऱ्याने दुसरी अमान्य करा.

आता मुद्दाम मोडतोड करा. एक अख्खं पान निवडून उडवा, त्यावर थोडं नवीन लिहा आणि मग उडवलेलं पान परत आणून दाखवा. हे ज्याला जमलं नाही त्याच्या हाती खरा मजकूर द्यायचा नाही. एकाचं नेट मध्येच बंद करा, त्याला लिहू द्या, पाच मिनिटांनी नेट चालू करा. त्याचं लिखाण पानात आलं की हरवलं?

शेवटची कसोटी मात्र टाळू नका. फाइल डॉकएक्समध्ये उतरवून घ्या आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तक्त्याच्या रेघा जागेवर आहेत का? तळटीपा तळाशीच आहेत की शेवटी गोळा झाल्या? कमेंट सोबत आल्या का? पीडीएफही काढा आणि त्यातलं एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. देवनागरीची जोडाक्षरं इथे वारंवार तुटतात. म्हणून पीडीएफ ही तुमची एकमेव जपलेली प्रत असता कामा नये. सोबत डॉकएक्स किंवा ओडीटी (लिब्रेऑफिसचा फाइल-प्रकार) ठेवा. हे दोन्ही आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले फाइल-प्रकार आहेत: ओडीटीचं घराणं (ओडीएफ) २००६ मध्ये, डॉकएक्सचं घराणं २००८ मध्ये. उद्या एखादी कंपनी गुंडाळली गेली तरी ते उघडणारी इतर साधनं असतील.

पाऊल ७: फाइल कोणाच्या नावावर, ते आजच ठरवा

एका संस्थेचं काम मी करत होतो. मुख्य फाइल एका उत्साही स्वयंसेवकाने स्वतःच्या खात्यात उघडली होती. काम दीड वर्ष चाललं. मधे तो दुसरीकडे रुजू झाला, त्याने जुनं खातं बंद केलं आणि आमच्या सगळ्यांकडच्या लिंक एका सकाळी निरुपयोगी झाल्या. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. फाइल आपली एकट्याची आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि आम्हालाही. महिन्याभरापूर्वी कोणीतरी वाचायला म्हणून उतरवून घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं.

तेव्हा फाइल अशा खात्यात उघडा जे एका माणसासोबत निघून जाणार नाही. गूगलच्या वैयक्तिक खात्यांमध्ये मालकी दुसऱ्याला देता येते, पण समोरच्याने ती स्वीकारावी लागते, म्हणून हे काम वेळेत करा. ट्रॅशमध्ये टाकलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं गूगल मजकुरासकट काढून टाकू शकतं, त्यामुळे ‘संस्थेचं खातं’ नुसतं उघडून विसरून चालत नाही.

परवानग्या कंजूषपणे वाटा. ‘लिंक असलेला कोणीही एडिट करू शकतो’ हा पर्याय तासाभराच्या चाचणीपुरता ठीक, नंतर नावं घालून ॲक्सेस द्या. एडिटचा ॲक्सेस मिळालेला माणूस गूगल डॉक्समध्ये इतरांनाही आत घेऊ शकतो. मालकाने ती सोय बंद केली तरच हे थांबतं.

पाऊल ८: पहिल्या पानावर चार नियम

नियमावली लांबलचक नको. फाइलच्या सुरुवातीलाच चौकटीत एवढं लिहा: दुसऱ्याच्या मजकुरात थेट बदल नाही, सूचना किंवा कमेंट. शीर्षकं ठळक करून नव्हे, हेडिंगची स्टाइल लावूनच. सूचना मान्य-अमान्य करण्याचा अधिकार अमुक एकाचा. अमुक तारखेनंतर मजकूर गोठला.

हेडिंगच्या स्टाइलबद्दल मी जरा हट्टी आहे. तिच्यामुळे अनुक्रमणिका आपोआप बनते आणि डीटीपी करणाऱ्याला शंभर शीर्षकं हाताने शोधावी लागत नाहीत. तो तुमचे आभार मानेल.

गोठवण्याच्या दिवशी सगळ्यांचा ॲक्सेस ‘वाचणारा’ करा, त्या अवस्थेला नाव द्या आणि प्रत उतरवून दोन ठिकाणी ठेवा. बाहेर पाठवायच्या फाइलमधले सगळे ट्रॅक चेंजेस खरोखर मान्य किंवा अमान्य केलेले असावेत. वर्डमध्ये खुणा नुसत्या लपवल्या तरी त्या फाइलमध्ये असतातच, आणि समोरचा एक क्लिक करून तुम्ही आधी काय लिहिलं होतं ते वाचू शकतो. कमेंटचंही तेच. वर्डमधलं ‘डॉक्युमेंट इन्स्पेक्टर’ चालवलं की आत काय काय राहिलंय ते कळतं. फाइल पाठवण्याआधी ती एकदा अशा संगणकावर उघडून बघा, ज्यावर ती आजवर कधीच उघडलेली नाही.